फायरफॉक्स: ब्राउझर झकास, पण साइटवाले उभं करत नाहीत

लॅपटॉप आणि फोन दोन्हीकडे फायरफॉक्सच वापरतो मी, आणि ऑफिसात दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच की अरे हे अजून चालू आहे का. चालू आहे आणि मस्त चालू आहे. फोनवरचं आधी सांगतो कारण खरी मजा तिथे आहे, अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) टाकता येतात, यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं टाका आणि मग कुठल्याही मराठी पेपरची साइट उघडा, बातमी चक्क वाचता येते! नाहीतर दोन ओळी वाचल्या की जाहिरात, मग "नोटिफिकेशन चालू करा", मग आपोआप बोंबलायला लागणारा व्हिडिओ. फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शनची सोयच नाही आणि कॉम्प्युटरच्या क्रोमनेही जुना यूब्लॉक बंद पाडला. एवढ्यावरच चार स्टार देऊन टाकले असते.

आता रडगाणं. माझ्या बँकेची (नाव नको, सहकारी आहे) नेटबँकिंगची साइट उघडली की पानभर एकच पाटी, तुमचा ब्राउझर सपोर्टेड नाही, क्रोमचं लेटेस्ट व्हर्जन वापरा. कस्टमर केअरला फोन केला तर "सर क्रोमवरून ट्राय करा ना", म्हटलं मॅडम क्रोम नाहीये माझ्याकडे, तर "मग एज आहे का?" आता मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर पण 2020 पासून आतून क्रोमचंच इंजिन, म्हणजे पान दाखवणारा भाग, वापरतो पण हे त्यांना सांगून काय फायदा, त्यांच्यासमोर जे लिहून दिलंय तेच त्या वाचणार. मग युजर एजंट बदलायचं एक्स्टेन्शन टाकलं, म्हणजे ब्राउझर प्रत्येक साइटला आपण कोण ते सांगतो ना, तिथे "मी क्रोम" म्हणायला लावलं आणि पान रिफ्रेश केलं. लॉगिन झालं, ओटीपी आला, स्टेटमेंटची पीडीएफ पण उतरली. म्हणजे अडचण कसलीच नव्हती, दारात नाव विचारून हाकलत होते नुसते! विवाल्डी नावाचा ब्राउझर तर क्रोमच्याच इंजिनवर चालतो तरी त्यांच्या मागेही हेच झेंगट, शेवटी 2019 च्या डिसेंबरात कंटाळून त्यांनी बहुतेक साइटना स्वतःचं नाव सांगणंच सोडून दिलं आणि क्रोम म्हणून वावरायला लागले.

पण सगळं खापर साइटवाल्यांवर नाही फोडता येत हां. आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्स पोर्टलवर "महिना निवडा" असा रकाना आहे, क्रोममध्ये क्लिक केलं की छोटं कॅलेंडर उघडतं, कॉम्प्युटरच्या फायरफॉक्समध्ये नुसती रिकामी चौकट. एप्रिल लिहा, 04 लिहा, 04/2025 लिहा, काहीच घेत नाही, 2025-04 असं वर्ष आधी आणि मधे आडवी रेघ टाकली की मुकाट घेतो. हे कोणाला सुचणार? एवढंसं काम फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने वर्षानुवर्षं भिजत ठेवलंय. वेब-यूएसबी आणि वेब-ब्लूटूथ (साइटला थेट आपल्या यूएसबी-ब्लूटूथ उपकरणांशी बोलू देणाऱ्या सोयी) नाहीत ते त्यांनी सुरक्षेसाठी मुद्दाम ठेवलेले नाहीत, ते पटतं मला, पण कीबोर्डची सेटिंग बदलायची साइट उघडली की शेवटी क्रोमच काढावा लागतो.

जुन्यांना आठवत असेल, युनिकोड, म्हणजे सगळीकडे एकसारखी चालणारी अक्षरांची पद्धत, रुळायच्या आधी मराठी साइटचे स्वतःचे फॉन्ट असायचे आणि ते आपोआप उतरायचे फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये, फायरफॉक्समध्ये सगळी अगम्य चिन्हं. पद्मा नावाचं एक्स्टेन्शन टाकलं की ते त्याचं युनिकोड करून द्यायचं. तेव्हाही फायरफॉक्स धुतल्या तांदळाचा नव्हता म्हणा, दोन्ही कडा सरळ केलेला मराठी मजकूर फायरफॉक्स 2 असा दाखवायचा की काना-मात्रा इकडे आणि अक्षर तिकडे, ते 2008 ला फायरफॉक्स 3 आल्यावर सुटलं.

वापरणार असाल तर एक सांगतो, पेमेंटचं पान अडकलं तर लगेच ब्राउझर बदलू नका, वर पत्त्याच्या पट्टीत ढाल दिसते (माग काढणाऱ्यांना अडवणारी) ती त्या साइटपुरती बंद करून बघा, तिचा कडक असा स्ट्रिक्ट मोड लावला असेल तर बऱ्याचदा तिथेच घोळ असतो. आणि गंमत बघायची असेल तर पत्त्यात about:compat असं टाइप करा, कुठल्या कुठल्या साइटसाठी फायरफॉक्स स्वतःच गुपचूप जुगाड करतो त्याची यादी येते, काही ठिकाणी तर तो स्वतःच मी क्रोम म्हणून सांगतो. मोठमोठ्या साइट आहेत त्यात. आपल्या सहकारी बँकेचा नंबर तिथे कधी लागणार, तेव्हा मेनूतून "रिपोर्ट ब्रोकन साइट" करत राहायचं.

साडेतीन स्टार. आईच्या फोनवर टाकून दिलाय, ती जाम खूश आहे. बाबांच्या कॉम्प्युटरवर नाही टाकला, त्यांना सगळी सरकारी कामं असतात आणि काही अडलं की फोन मलाच येणार.