अकरा महिन्यांनंतर: इंडक्शनची पॉवर कमी होते तेव्हा

शेगडी घेतली तेव्हा सवयीने एक गोष्ट करून ठेवली होती, तिचा पुढे फार उपयोग झाला. एक लिटर पाणी, झाकण लावून, १८०० वॉटवर, उकळी फुटेपर्यंत किती वेळ लागतो तो मोबाईलवर मोजला: ३ मिनिटं ४० सेकंद. हिशोबाने जवळपास तेवढाच यायला हवा. २५ अंशाचं एक लिटर पाणी १०० वर न्यायला साधारण ३१४ किलोज्यूल लागतात, आणि चांगल्या भांड्यात इंडक्शनची ८०-८५ टक्के वीज पाण्यापर्यंत पोचते. हा आकडा मी शेगडीच्या बिलामागे लिहून ठेवला. घेतल्या दिवशी प्रत्येकाने तो लिहून ठेवावा, कारण नंतर 'पूर्वीसारखी तापत नाही' हे मेकॅनिकला पटवायला हातात दुसरं काहीच नसतं.

शेगडीवरचा आकडा तर पुराव्याला अजिबात चालत नाही. तिथे १८०० दिसतं ते आपण मागितलेलं. आत प्रत्यक्षात ११०० चालू असले तरी ती १८००च दाखवत राहते. हे मला पाचव्या महिन्यात कळलं, प्लग आणि सॉकेटच्या मध्ये लावायचं छोटं वॉटमीटर आणल्यावर.

पण आधी दुसऱ्या महिन्यातली फजिती. अगदी मंद आचेवर, म्हणजे ३०० वॉटवर ठेवलं की शेगडी तीन-चार सेकंद गुणगुणायची, मग गप्प, मग परत गुणगुण. वाटलं, गेली. गेलीबिली काही नव्हती. बऱ्याच घरगुती इंडक्शनना सलग इतकी कमी पॉवर देता येत नाही. मग त्या ९००-१००० वॉटचे झटके देऊन मध्ये थांबतात आणि सरासरी ३०० काढतात. याची तक्रार करू नका, मी केली होती.

पाचव्या महिन्यात मात्र खरोखर फरक पडला. उकळी फुटायला पावणेसहा मिनिटं. मीटर म्हणालं ११५०. जुनं भांडं ठेवलं तर लगेच १७६०! म्हणजे दोष शेगडीत नव्हता, आठवड्यापूर्वी घेतलेल्या नव्या भांड्यात होता. त्याला लोहचुंबक चिकटत होता, तो बघूनच तर घेतलं होतं. पण चुंबक बुडावरून सरकवत नेला तेव्हा कळलं की तो फक्त मधल्या १२ सेंटिमीटरच्या वर्तुळात धरतो. बूड २२ सेंटिमीटरचं, त्यातलं बाकीचं ॲल्युमिनियम. शेगडीखालची तांब्याची कॉइल जे चुंबकीय क्षेत्र तयार करते ते पकडायला लोखंडच नाही, मग शेगडी तरी काय देणार? तेव्हापासून दुकानात मी चुंबक सगळ्या बुडावर फिरवून बघते. नुसता चिकटला म्हणून भागत नाही, काठापर्यंत घट्ट बसायला हवा. बूड वाकलेलं, मधून उचललेलं असलं तरी असाच घोटाळा होतो, कारण काच आणि भांडं यांच्यात अंतर वाढलं की पकड सुटते.

आता आठवा महिना. इथे मी तीन आठवडे घालवले.

लक्षण असं होतं की सुरुवात झकास व्हायची. पहिली चार-पाच मिनिटं जोरात, मग हळूहळू दम जायचा. काहीच लाल-बिल दिसत नव्हतं, चूक दाखवणारा कोड नाही. सर्व्हिसवाला आला, त्याने एक भांडं ठेवून दोन मिनिटं बघितलं, 'चालतेय की' म्हणाला, आणि जाताना म्हणाला की परत झालं तर बोर्ड बदलू. दोन मिनिटांत ते दिसणारच नव्हतं! शेवटी मीच एकामागोमाग एक तीन लिटर उकळले. पहिला ३:४०, दुसरा ३:५०, तिसरा साडेपाच मिनिटं. भांडं तर आधीच तापलेलं, उलट लवकर व्हायला हवा होता. मीटरवर दिसत होतं: १७५०, १७५०, मग अचानक १३००, थोड्या वेळाने १०००.

याचा अर्थ उष्णता. शेगडीत आयजीबीटी नावाचा एक भाग असतो. तो सेकंदाला वीस हजारांपेक्षा जास्त वेळा वीज चालू-बंद करतो आणि त्यात स्वतः बराच तापतो. त्याची उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर, म्हणजे हीटसिंकवर, तापमान मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. एका मर्यादेपुढे गेलं की शेगडी स्वतःचा जीव वाचवायला पॉवर उतरवते. बिघाड म्हणाल तर हा नव्हे, आत हवा पोचत नाहीये याची ती ओरड आहे.

हवा का पोचत नव्हती? शेगडी ओट्यावर सरकते म्हणून मीच तिच्याखाली रबराची जाळीदार मॅट घातली होती. शेगडीचे पाय जेमतेम एक सेंटिमीटर उंच. पंखा हवा खालून ओढतो, आणि मी त्याच्या तोंडावर मॅट दाबून बसवली होती. वर मागची बाजू भिंतीला टेकलेली, त्यामुळे बाहेर पडलेली गरम हवा परत आत. मॅट काढली, भिंतीपासून वीतभर पुढे घेतली, तिसरा लिटर ४:३० वर आला. अजून पन्नास सेकंद बाकी होते.

ते पंख्याच्या पात्यांवर होते. प्लग काढून, शेगडी पूर्ण गार झाल्यावर उलटी केली आणि जाळीतून टॉर्च मारला. तेलाची वाफ आणि धूळ मिळून नमद्यासारखा थर बसला होता. कोरडा, मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनरचं बारीक तोंड, वीस मिनिटांचं काम. पातं काडीने अडवून धरावं, नाहीतर व्हॅक्यूमच्या ओढीने ते भलत्याच वेगाने फिरतं आणि बेअरिंगला त्रास होतो. नंतर तिसरा लिटर: ३:४५. बोर्ड बदलायचा वाचला.

दहाव्या महिन्यातला त्रास छोटा होता पण घाबरवणारा. मधेच पूर्ण बंद, बीप, परत स्टँडबाय. पॉवर कमी होत नव्हती, सरळ तुटत होती. प्लग काढून पिनेला हात लावला तर चटका. शेगडी आठ अँपिअर ओढते, सैल सॉकेटमध्ये नुसते दहा व्होल्ट अडकले तरी त्या इवल्याशा जागेत ८० वॉटची उष्णता तयार होते. प्लास्टिक वितळायला तेवढं पुरतं. सॉकेट आतून काळा पडला होता. इलेक्ट्रिशियनकडून १६ अँपिअरचा नवा बसवून घेतला, आणि एक्स्टेन्शन बोर्ड कायमचा हद्दपार.

म्हणून कुणी विचारलं तर मी आधी 'कधी?' असं विचारते. पहिल्या सेकंदापासून मंद असेल तर भांडं किंवा घरात येणारं व्होल्टेज. काही मिनिटांनी दम जात असेल तर हवा. झटक्यात तुटत असेल तर प्लग आणि सॉकेट. हे सगळं ठीक असूनही मंदच असेल तर मग आतल्या कपॅसिटरकडे, म्हणजे वीज साठवून सोडणाऱ्या भागाकडे, बघावं लागतं. कॉइलसोबतचा कपॅसिटर जुना होऊन त्याची क्षमता घटली की सगळा मेळ बिघडतो. ते मात्र घरी उघडून बघू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज काही वेळ राहू शकतो. शिवाय सील तोडलं की वॉरंटीही जाते.

बाकी शेगडीबद्दल: काच अजून ओरखड्याविना आहे. ओल्या बोटाने टच बटणं ऐकत नाहीत, त्याची सवय झाली. माहितीपुस्तिकेत मागे जागा सोडा एवढं एक वाक्य आहे, तेही चौदाव्या पानावर, खालच्या मॅटबद्दल अवाक्षर नाही. रेटिंगमधला एक तारा त्यासाठी कापला.

पंखा हल्ली सुरू होताना कुरकुरतो. जाळीतून त्याचा स्टिकर दिसतो, १८ व्होल्ट डीसी. वॉरंटी पुढच्या महिन्यात संपतेय, त्याआधी बदलून मागणार आहे. या वेळी सर्व्हिसवाल्याला तीन लिटर उकळेपर्यंत बसवून ठेवणार.