विल-प्रोबेटच्या कामाला वर्गणीचा डेटाबेस घ्यावा का? काही महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्यात वकिली करतो. विल, प्रोबेट (विल खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र), वारस दाखला हीच बहुतेक कामं. कायदे आणि निवाड्यांचा वर्गणीचा एक डेटाबेस, सरकारच्या फुकट साइट्स आणि वारसा कायद्यावरची जाडजूड कॉमेंटरी (कलमवार भाष्याचं पुस्तक) अशी तिन्ही साधनं सध्या टेबलावर आहेत. डेटाबेसचं नाव घेत नाही, कारण तक्रारी आहेत.

मोठी तक्रार 1925 च्या भारतीय वारसा कायद्यातल्या कलम 213 ची. मुंबई हायकोर्टाच्या मूळ दिवाणी हद्दीत, म्हणजे मुंबई शहर-उपनगरांत, हिंदूने विल केलं, किंवा तिथल्या मिळकतीचं केलं, तर प्रोबेटशिवाय कोर्टात हक्क शाबीत होत नाही, असं आम्ही वर्षानुवर्षं अशिलांना सांगत आलो. म्हणजे दादरच्या फ्लॅटला प्रोबेट हवं, ठाण्याच्या फ्लॅटसाठी ठाण्यातच केलेल्या विलला नको. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्या कायद्यातून हे कलमच काढून टाकलं. डेटाबेसने कलमाचा मजकूर लगेच बदलला, पण त्याखालची तयार टिपणं आणि नमुना मसुदे तसेच राहिले; त्यांत प्रोबेट अजून सक्तीचंच! घाईतल्या ज्युनियरने तो मसुदा उचलला की झालं. छापील कॉमेंटरीतली त्यावरची पानंही आता जुन्या प्रकरणांपुरतीच, पण निदान तिच्यावर आवृत्तीचं साल तरी असतं.

उलट पुराव्याच्या बाजूने डेटाबेसने पैसे वसूल करून दिले. विलला दोन साक्षीदार लागतात ते वारसा कायद्याच्या कलम 63 प्रमाणे, आणि कोर्टात त्यातला निदान एक, हयात असेल तर, तपासावा लागतो तो पुरावा कायद्याच्या जुन्या कलम 68 प्रमाणे. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 67 झालं. जुना आकडा टाकला की नवा समोर येतो आणि जुने निवाडेही त्याच पानावर मिळतात. हे हाताने करायचं म्हणजे अर्धी संध्याकाळ.

शोध मात्र तितका कामाचा नाही. ‘संशयास्पद परिस्थिती’ टाकलं की 1959 च्या वेंकटाचल अय्यंगार खटल्यापासून पुढचे निवाडे ढिगाने येतात आणि सगळ्यांच्या हेडनोटमध्ये (निकालावरच्या सारांशात) तेच तत्त्व. मला हवी असते हकीकत: विल करण्यात लाभार्थ्यानेच पुढाकार घेतला होता का, सही करणाऱ्या माणसाने अंगठा का दिला, मुलींना का वगळलं. ते हेडनोटमध्ये सापडत नाही, निकाल मुळातूनच वाचावा लागतो. मग सुप्रीम कोर्टाचं फुकटचं ई-एससीआर काय वाईट? जानेवारी 2023 पासून आहे, हेडनोटही असतात आणि बऱ्याच निकालांची मराठी भाषांतरंही मिळतात. वयस्कर अशिलाला ते छापून दिलं की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

वारस दाखल्याच्या बाबतीत सगळीच साधनं तोकडी. तो 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खाली मिळतो. देशभराच्या वाचकांसाठी लिहिलेल्या कॉमेंटरीत त्याला जेमतेम जागा. जिल्हा न्यायालयांचे आदेश रिपोर्टरांत (निवाड्यांच्या संग्रहांत) छापून येत नाहीत, त्यामुळे शेवटी बार लायब्ररी आणि सीनियरची जुनी फाइल. गोव्यात मिळकत असली तर प्रकरणच वेगळं, तिथे 2012 चा स्वतंत्र वारसा कायदा आहे आणि साधारण निम्मी मालमत्ता वारसांसाठी राखीव असते. डेटाबेसच्या विलच्या नमुन्यात याची सूचना एका ओळीचीही नाही.

वर्गणी चालू ठेवतोय, दोन सहकाऱ्यांत वाटून. मसुद्यांचं पॅकेज मात्र बंद केलं.