गव्हाच्या जुन्या हार्वेस्टरवर सोयाबीन आणि चना: दोन हंगामांनंतर

हार्वेस्टरने चना काढताना टाकीत डाळ, म्हणजे फुटून अर्धे झालेले दाणे, दिसली की सगळे मळणी करणाऱ्या ड्रमच्या मागे लागतात. ड्रम हळू करा, रास्प बार (ड्रमवरच्या घासणाऱ्या पट्ट्या) बदला, कॉन्केव्ह (ड्रमखालची जाळी) नवी टाका. उमरेडकडच्या आमच्या वावरात याच मशीनने आधी सोयाबीन आणि मग चना काढून झाल्यावर माझं सांगणं एकच आहे: खर्चाला हात घालण्याआधी रिटर्न एलेव्हेटरचं, म्हणजे अर्धवट मळलेला माल परत ड्रमकडे नेणाऱ्या एलेव्हेटरचं, खालचं झाकण उघडून बघा. त्याला फक्त एक पाना लागतो.

मशीन पंजाबातून आलेली, १४ फुटी कटर बारची (पुढे पीक कापणारी पट्टी), सगळं आयुष्य गव्हात गेलेली. परतीचा पाऊस डोक्यावर असताना भाड्याच्या हार्वेस्टरची वाट बघत बसणं किती महागात पडतं, हे इकडे कुणाला सांगायला नको. नवीन मशीन परवडत नव्हती, म्हणून ही घेतली.

गव्हाला ड्रम मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आसपास चालतो. सोयाबीन आणि चन्याला ५०० च्या जवळ आणावा लागतो. पुष्कळ ऑपरेटर यासाठी इंजिनची रेस कमी करतात. असं अजिबात करू देऊ नका. रेस कमी केली की पंखा, चाळण्या, वॉकर (कुटार झटकत मागे नेणारे), एलेव्हेटर सगळंच मंदावतं. मग कचरा टाकीत येतो आणि दाणे कुटारासोबत मागे सांडतात. इंजिन पूर्ण रेसवर राहिलं पाहिजे, फक्त ड्रम हळू झाला पाहिजे. आमच्या मशीनला व्हेरिएटर (फक्त ड्रमचा वेग कमी-जास्त करणारी सोय) नाही, म्हणून ड्रमच्या शाफ्टवरची ८ इंची पुली काढून १४ इंची बसवली आणि बेल्ट लांब घेतला. हिशेब सरळ आहे: ९०० गुणिले ८ भागिले १४, म्हणजे ५१४. ड्रमच्या शाफ्टवरून पुढे आणखी काही चालत असेल तर त्याचाही वेग तेवढाच उतरतो, हे आधी तपासून घ्या.

एवढ्यावर सोयाबीन निघालं. थोडी डाळ पडत होती, पण दाण्यात ओलावा असल्यामुळे ती खपून गेली. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं तर पुली बदलली की काम झालं, असंच मी सांगितलं असतं. आता तसं म्हणणार नाही.

चन्यात खरा त्रास सुरू झाला. आमचा चना जाकी ९२१८ वाणाचा, दाणा टपोरा. टाकीतून ओंजळ भरून घेतली तर त्यात अर्धुकं आणि साल निघालेले दाणे इतके होते की नागपूरच्या कळमना बाजारात हा माल न्यावा की नाही असा प्रश्न पडला. ज्या वर्कशॉपने पुली बसवली होती तिथे फोन केला. उत्तर आलं, "भाऊ, चना लय वाळला तुमचा, डाळ निघनच." वर सल्ला दिला की रास्प बार नवीन टाका, पुली आणखी मोठी करा. पुलीचे पैसे घेणाऱ्याने एकदा तरी वावरात येऊन मशीन बघायला हवी होती. कुणी आलं नाही. चालू हंगामात शेतकऱ्याला असं फोनवर वाटेला लावणं मला अजूनही सहन होत नाही.

मशीन उभी करून, चावी खिशात ठेवून, रिटर्न एलेव्हेटरचं झाकण काढलं. आत काय असायला हवं? अर्धवट फुटलेले घाटे, थोडी काडी. निघाला काय तर स्वच्छ, अख्खा, निवडल्यासारखा चना! कारण खालची चाळणी अजून गव्हाचीच होती. गव्हाचा दाणा त्या भोकांतून पडतो, जाकीचा पडत नाही. तो चाळणीवरून घरंगळत मागे जातो, रिटर्नमध्ये पडतो आणि परत ड्रममध्ये येतो. ज्या दाण्याची मळणी कधीच झाली आहे त्याला पुन्हा मार बसतो. असा दोन-तीनदा फिरला की त्याची डाळ होणारच, मग ड्रम ५०० वर असो की ४०० वर. सोयाबीनचा दाणा बारीक, म्हणून त्या वेळी हे दिसलं नाही.

१२ मिमी गोल भोकांची चाळणी कापून बसवली, वरची चाळणी जास्त उघडली, पंखा वाढवला. चना वजनदार, वाऱ्याने सहज उडत नाही. पुढच्याच टाकीत फरक दिसला. अर्धुकं शोधावं लागत होतं. कॉन्केव्हच्या एकाआड एक तारा ओढून काढल्या आणि फट पुढे २५ मिमी, मागे १५ मिमी ठेवली, त्याचाही फायदा झाला. पण त्याच झाकणाच्या जागी मी जो भोकांचा पत्रा लावला, त्याने मला सगळ्यात जास्त समाधान दिलं. रिटर्नमध्ये आलेले काळ्या मातीचे बारीक खडे एलेव्हेटरच्या तळाशीच गळून पडतात, पुढे जात नाहीत. भोकं दाण्यापेक्षा लहान हवीत, एवढंच बघायचं. कारखान्यातूनच प्रत्येक मशीनला असा पत्रा यायला पाहिजे.

उणीव एक उरली आहे आणि ती मोठी आहे. कटर बार ताठ आहे, जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणे वाकत नाही. जाकीचे खालचे घाटे जमिनीच्या इतके जवळ असतात की बार खाली घेतला तर ढेकळं आत येतात आणि वर घेतला तर घाटे वावरातच राहतात. नुकसान मोजायचं असेल तर मशीनच्या मागे १ चौरस मीटर जागा आखा आणि खाली पडलेले दाणे मोजा. १०० दाण्यांचं वजन २२ ग्रॅम धरलं तर चौरस मीटरमागे २० दाणे म्हणजे एकरी जवळपास १८ किलो. २०२५-२६ च्या हंगामातल्या क्विंटलला ५६५० च्या हमीभावाने हजार रुपये झाले. दुपारी ऊन तापल्यावर घाटे रीलच्या (पीक कटर बारकडे ओढणारं फिरतं चाक) नुसत्या धक्क्यानेही गळतात, म्हणून मार्चमध्ये आम्ही सकाळी दव उडालं की सुरू करायचो, भर दुपारी मशीन थांबवायचो आणि ऊन उतरल्यावर पुन्हा लावायचो. ऑपरेटरची कुरकुर व्हायची, पण हे सोडू नका.

मशीन ठेवणार आहे. येत्या रब्बीत अर्ध्या वावरात चन्याचा फुले विक्रम हा वाण पेरणार, तो उंच वाढतो आणि हार्वेस्टरसाठी म्हणूनच सांगितला जातो. बियाणं महाग पडलं तरी चालेल, एकरी हजार रुपये मातीत टाकण्यापेक्षा ते परवडलं. सोयाबीनच्या आधी कटर बारची पाती बदलायची आहेत आणि रिटर्नची साखळी ढिली पडली आहे, ती ताणायची. जुनी गव्हाची चाळणी तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवली आहे. गव्हाला तीच लागते.