नवा मॅक मिनी की कोल्हापूरच्या राजारामपुरीतला असेंबल्ड पीसी?

२०२४ च्या अखेरीस ॲपलनं मॅक मिनी या आपल्या छोट्या डेस्कटॉप कॉम्प्युटरचं रूप पार बदललं. पाच इंच बाय पाच इंचांचा डबा, आत एम४ चिप, १६ जीबी रॅम. तेव्हाची किंमत ५९,९०० रुपये. त्यात मॉनिटर, कीबोर्ड, माऊस काहीच येत नाही, हे आधी लक्षात घ्या. पॉवरचं बटण तर चक्क बुडाशी! कुणाला सुचलं, देव जाणे.

व्हिडिओ एडिटिंग हेच पोट असेल, तर मिनी नाद खुळा. फोरके फुटेज निवांत कापता येतं, आवाज जवळपास नाही, आणि वीज इतकी कमी खातो की लाईट गेली तरी साधा यूपीएस त्याला सांभाळतो. ग्राफिक कार्ड लावलेला पीसी त्याच यूपीएसवर लगेच मान टाकतो.

मात्र मिनीतली २५६ जीबी जागा लग्नाच्या एकाच शूटिंगमध्ये भरते. बाहेरची एसएसडी घ्यावीच लागते. रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून ती घेतानाच ठरवा.

पीसीचं तसं नाही. आज १६ जीबी, दिवाळीला ३२. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करणाऱ्यांनी एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड असलेला पीसीच घ्यावा.

फ्लेक्सवाल्यांनीही पीसीच. गणपतीच्या तोंडावर मंडळाची पोरं दारात उभी असताना जुन्या मराठी फॉन्टची फाईल मॅकवर उघडत बसायला वेळ कुणाला आहे? मी स्वतः एडिटिंग करतो. मी मिनी घेतला, मॉनिटर जुनाच ठेवला.