क्रॉसबोच्या दोरीचं देखभाल किट : कोकणातल्या खाऱ्या हवेत कितपत चालतं?

रिकर्व्ह क्रॉसबोसाठी (टोकं पुढे वळलेलं, ट्रिगरवर चालणारं आडवं धनुष्य) ऑनलाइन मिळणाऱ्या या किटमध्ये एक तयार दोरी, मेणाची कांडी, रेलवर (बाण ठेवायचा, दोरी ज्यावरून सरकते तो दांडा) लावायच्या तेलाची छोटी बाटली, नायलॉनचा सर्व्हिंग धागा (दोरी झिजू नये म्हणून तिच्यावर गुंडाळतात तो), तो गुंडाळायचं साधन म्हणजे जिग, धनुष्य ताणायची कॉकिंग रोप आणि ब्रेस हाइट (न ताणलेल्या दोरीचं धनुष्यापासूनचं अंतर) मोजायची पट्टी येते. खोक्यावर शिकारीचं चित्र असलं तरी आपल्याकडे याचा उपयोग निशाण्यापुरताच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हत्यारांच्या व्याख्येत धनुष्यबाणही येतो, तेव्हा हे धनुष्य रानात न्यायचा विचारच नको.

यातली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे ती साधी पट्टी. नवी दोरी पहिल्या २०-३० बाणांत थोडी ताणते, बसते. ताणली की ब्रेस हाइट उतरते, आवाज वाढतो, लिंबांना (धनुष्याच्या दोन वाकणाऱ्या बाहूंना) जास्त हादरा बसतो आणि कालपर्यंत नीट लागणारा नेम सरकतो. माणूस मग दुर्बिणीचे स्क्रू फिरवत बसतो, आणि दोष असतो दोरीत. म्हणून दोरी बसल्यावर पहिलं माप घ्या. कंपनीने जिथून मोजायला सांगितलंय तिथूनच मोजा, प्रत्येकीची जागा वेगळी असते. आलेला आकडा वहीत लिहून ठेवा. माप कमी भरलं तर दोरी उतरवून एका टोकाच्या फासाला दोन-तीन पूर्ण पीळ द्या, परत चढवा, परत मोजा. पीळ आहे त्याच दिशेने द्यायचा. उलटा दिलात तर दोरी लांबते आणि मधली गुंडाळीही सैल पडते. माप जास्त भरलं तर उलट करा, एकेक पीळ सोडा. दोरी उतरवायला स्ट्रिंगर (दोरी चढवायचं-उतरवायचं साधन) लागतोच आणि तो या किटमध्ये नाही. ही मोठी उणीव आहे, वेगळा घ्यावा लागतो.

उंची जमली की दोरी मधोमध आहे का ते बघा. धनुष्य न ताणता, दोरी रेलला जिथे टेकते तिथे दोन्ही कडांना लागून सर्व्हिंगवर बारीक पेनाने एकेक रेघ मारा. ताणल्यावर दोन्ही रेघा रेलच्या कडांना सारख्याच दिसल्या पाहिजेत. एक आत आणि एक बाहेर गेली असेल तर दोरी तिरकी ओढली गेली आहे, आणि बाण दर वेळी एकाच बाजूला जाणार. हाताने ओढताना हे हमखास होतं. किटमधली कॉकिंग रोप इथे उपयोगी पडते. तिचे दोन्ही हूक दोरीत, रेलच्या दोन्ही कडांना लागून अडकवा आणि मुठी सरळ, एका वेगाने ओढा. रोपचा दर्जा चांगला आहे, हूक गुळगुळीत आहेत, दोरी कापत नाहीत.

आता सर्व्हिंगचा धागा. आमची खरी तक्रार इथेच आहे. नायलॉन पाणी पितो. जून ते सप्टेंबर रत्नागिरी-मालवण पट्ट्यात हवा ओलीच असते, तेव्हा धागा फुगतो, सुकला की आखडतो, आणि ताणलेली दोरी धरून ठेवणारी ट्रिगरची लॅच जिथे पकडते नेमकी तिथेच गुंडाळी सरकून फट पडते. जाळं विणायचा नायलॉन धागा वापरणाऱ्यांनाही हाच अनुभव येईल. विणलेला पॉलिएथिलीनचा धागा, म्हणजे बीसीवाय कंपनीच्या 'हॅलो'सारखा, इथे जास्त टिकतो. जिग मात्र चांगलं आहे, ताण एकसारखा राहतो. शेवटचे ८-१० वेढे उलटे घालून टोक आतून ओढून घ्या आणि कापा. टोकाला काडी लावू नका. आजच्या बहुतेक दोऱ्या पॉलिएथिलीनच्या, त्या उष्णतेने लगेच वितळतात.

मेण बरं आहे, मऊ आहे, बोटांच्या उबेने आत मुरतं. ते फक्त मोकळ्या पदरांना लावायचं, मधल्या सर्व्हिंगला नाही. तिथे लावलं की धूळ धरतं आणि ट्रिगरच्या आत जाऊन बसतं. सर्व्हिंग आणि रेलसाठी तेल आहे, तेही एक-दोन थेंबच, रेलच्या ज्या कडांवर दोरी घासते तिथे; बाणाच्या खोबणीत नाही. घरात मुठेल (कोकमाच्या बियांचं तेल) असतं, टाचांच्या भेगांना उत्तमच, पण रेलवर ते घट्ट थापलं जातं, नको. मेणबत्तीचं मेणही नको, त्याचे पापुद्रे निघतात.

समुद्राकाठी सराव असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी कोरड्या फडक्याने वाळू झटका, मग गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने दोरी पुसा, सावलीत पूर्ण सुकवा आणि मगच मेण लावा. ओल्या दोरीवर मेण चढवलं तर खारं पाणी आत कोंडतं, आणि मिठाचे बारीक खडे पदरांमध्ये कानसीसारखे घासत राहतात. पदर केसाळ दिसू लागले तर मेणाची वेळ झाली. एखादा तुटला असेल तर मेण लावून काही होत नाही, दोरी बदला. स्टिरप (ताणताना पाय रोवायची कडी) आणि स्क्रूंना गंज चढू देऊ नका, तोच कण शेवटी दोरीवर येतो. लिंबांच्या टोकांवरून बोट फिरवून बघा. तिथे खरबरीत कड असेल तर फास आतून कापत जातो आणि ते लवकर दिसत नाही.

धनुष्य ताणलेलं ठेवू नका, उन्हात बंद गाडीतही नको, तिथे दोरी गरम होऊन लांबते. बाण न लावता ट्रिगर तर कधीच ओढू नका.

कंपाउंड (टोकांना चाकं असलेल्या) क्रॉसबोवाल्यांना यातलं मेण-तेलच कामाचं. दोरी बदलायला बो प्रेस (धनुष्य दाबून धरणारं यंत्र) लागतो, घरी हात घालू नये.

पाचपैकी साडेतीन. घ्यायचं असेल तर पावसाळ्याआधी घ्या, सोबत पॉलिएथिलीन धाग्याचं एक रीळ आणि एक जादा दोरी घ्या. जादा दोरीही आधी चढवून २०-३० बाण मारून ठेवा. किती पीळ दिल्यावर माप जमलं तो आकडा चिठ्ठीवर लिहून तिच्याच डबीत टाका.