पोर्टफोलिओ कुणाला दाखवावा: व्हिडिओ कॉलवरच्या मेंटॉरला की नौपाड्यातल्या सरांना?

उपयोजित कलेची पदवी हातात आली की एक महिना पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक कामांचा संच, जुळवण्यात जातो आणि पुढचा महिना तो कुणाला दाखवावा या विचारात. मित्रमैत्रिणी ‘मस्त झालंय’ म्हणतात. कॉलेजच्या शिक्षकांनी तीच कामं सबमिशनला पाहिलेली असतात. राहतात दोन वाटा. एक, ऑनलाइन मंचावर वेळ घेऊन परगावच्या किंवा परदेशातल्या डिझायनरशी अर्धा तास बोलायचं. दुसरी, याच धंद्यात वर्षं काढलेल्या आपल्या गावातल्या माणसासमोर जाऊन बसायचं. मी गेल्या वर्षी तीन आठवड्यांत दोन्ही केलं, तेही एकाच पोर्टफोलिओवर. त्यामुळे तुलना करायला थोडाफार आधार आहे, एवढंच म्हणतो.

माझी पानं होती २४. त्यातली ११ मराठी. मुख्य काम म्हणजे ऐरोलीच्या खाडीकाठासाठी केलेले माहितीफलक. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, आणि तरी रोहित पक्षी बघायला आलेल्या आजी-आजोबांना धड वाचता येईल अशी मराठी पाटी कशी असावी, हा माझा प्रश्न होता. कुणी सांगितलेलं काम नव्हे, स्वतः घेतलेलं. रविवारी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडायची, ऐरोलीला उतरायचं, काठावर उभं राहून किती अंतरावरून किती मोठं अक्षर वाचता येतं ते बघायचं, असे चार महिने गेले. पोर्टफोलिओत माझा जीव कुठे होता, हे यावरून कळेल.

आधी ऑनलाइन मेंटॉरबद्दल, आणि त्यांचं श्रेय त्यांना देऊनच. कॉल रात्री साडेदहाला होता, कारण त्यांची दुपार तेव्हाच मोकळी होती. वेळेवर आले, तयारी करून आले. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी सांगितलं की माझं सर्वांत चांगलं काम चौदाव्या पानावर आहे आणि तिथवर कुणी पोचणार नाही. गटात केलेल्या कामात ‘आम्ही’ लिहू नका, तुमच्या वाट्याला काय होतं ते एका ओळीत सांगा, हेही त्यांचंच. दोन्ही सूचना मी त्याच रात्री अमलात आणल्या आणि आजही पटतात.

बायोडेटावर तर त्यांचा हात चांगलाच बसलेला होता. मी तो दोन रकान्यांत मांडला होता, बाजूला फोटोशॉप ८० टक्के, इलस्ट्रेटर ७० टक्के अशा पट्ट्या. त्यांनी विचारलं, ८० टक्के म्हणजे कशाच्या? पट्ट्या गेल्या. मग एक चाचणी दिली: पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका आणि वाचा. माझ्याकडे काहीच उमटलं नाही, कारण मी अक्षरांचे आउटलाइन, म्हणजे नुसते आकार, करून ठेवले होते. मोठ्या कंपन्यांत बायोडेटा माणसाआधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि त्याला माझा कागद कोराच दिसला असता. एक रकाना, जिवंत मजकूर, खालचं ‘वरील माहिती खरी आहे’ हे प्रतिज्ञापत्र काढून टाकायचं. हे सगळं मला फुकटात मिळालं. आयटी पार्कात किंवा बेंगळुरूला यूएक्सच्या (ॲप-वेबसाइट वापरायला सोपी करण्याच्या कामाच्या) जागांसाठी अर्ज करणाऱ्याला एवढं ऐकूनही बरंच पदरात पडेल.

आता ती खटकलेली गोष्ट. मराठी पानं आली तेव्हा मेंटॉर म्हणाले, ‘सुंदर दिसतंय,’ आणि पुढे गेले. ११ पानं, दोन मिनिटांच्या आत. मी थांबवून विचारलं तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की लिपी येत नाही, त्यामुळे रंग आणि मांडणीवरच बोलू शकतो. वर सुचवलं की पाट्यांवरचा मजकूर इंग्रजीत करून दाखवला तर बघणाऱ्याला सोपं जाईल. बायोडेटातली भाषांची ओळही जागा अडवते, काढा म्हणाले. त्यांच्या जागेवरून ते चूक नव्हते. पण चार महिने ज्या प्रश्नावर काढले तो प्रश्नच बाजूला ठेवून उरलेल्यावर शेरे घ्यायचे, हे मला पचलं नाही. कॉल संपल्यावर मी बराच वेळ त्या फलकांकडे बघत बसलो होतो. चांगले आहेत की वाईट, हे मला अजूनही कुणी सांगितलं नव्हतं.

ठाण्याच्या नौपाड्यातले सर जाहिरात क्षेत्रातून निवृत्त झालेले. मैत्रिणीच्या वडिलांच्या ओळखीने वेळ मिळाली. फोनवर त्यांची एकच अट होती: ‘लॅपटॉप आणू नकोस. ए-थ्रीवर प्रिंट काढून आण.’ मी काढून नेले. सरांनी चष्मा लावला, पहिल्या वेळी एकही शब्द न बोलता सगळी पानं उलटली, आणि दुसऱ्या फेरीत मुख्य फलकावर बोट ठेवलं.

‘हे काय लिहिलंयस?’

‘खाडीकिनाऱ्यावर, सर.’

‘नाही. तू किनार्यावर लिहिलंयस. आपला अर्धा र कुठे गेला?’

मी रफार दिला होता. चार महिन्यांत मला दिसलं नाही, कॉलेजात कुणाला दिसलं नाही. सर म्हणाले, दर्या आणि दऱ्या यांत समुद्र आणि डोंगर एवढा फरक आहे, आणि तू पाटी लावतोयस पाण्याच्या काठावर. मग बोट शीर्षकावर आलं. मी अक्षरांत मोकळेपणा यावा म्हणून ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं होतं. रोमन लिपीत ते खपून जातं, देवनागरीत शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसायला लागतात. माझे दिसत होते. ओळींमधलं अंतर कमी, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळत होता. ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी, हे फॉन्ट निवडताना पाहिलंस का? नव्हतं पाहिलं. एका पानावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडली होती, कारण इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट जुळवणारं वर्ल्ड-रेडी कंपोजर चालू करायचं राहिलं होतं. ते तर मी स्वतःच पकडायला हवं होतं.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने काढलेल्या मुक्तासारखे चांगले देवनागरी फॉन्ट आज गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. त्यामुळे हल्ली खूप पोर्टफोलिओंत देवनागरी दिसते. नीट बसवलेली क्वचित दिसते, असं मला आता वाटू लागलंय.

आणि बायोडेटा? सरांनी फार वेळ घेतला नाही. भाषांची ओळ मी काढून टाकली होती. मराठीचं काय करतोस म्हणून विचारलं तेव्हा मी म्हणालो, टाइपसेटिंग करतो, मुद्रितं तपासतो. ‘मग हे वरच्या तीन ओळींत का नाही? पॅकेजिंगवाल्याला, प्रकाशकाला, बँकेच्या मराठी फॉर्मवाल्याला असा माणूस सापडत नाही.’ जी ओळ एकाने कमी केली तीच दुसऱ्याने शिरोभागी नेली. माझ्यापुरतं पारडं तिथेच झुकलं.

सरांच्या बाजूने सगळंच गोड आहे असं नाही. त्यांच्याकडून लेखी काही मिळत नाही. मी दुसऱ्या वेळी परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड केलं, तेव्हा कुठे सगळं हाती लागलं. प्रोटोटाइप आणि ॲपच्या पडद्यांवर ते फारसं बोलत नाहीत. जुन्या छपाईच्या आठवणी निघाल्या की अर्धा तास कुठे जातो कळत नाही. मला त्या आवडल्या, तुम्हाला घाई असेल तर जड जातील. शिवाय आवडनिवड पक्की आहे, जांभळा रंग त्यांना खपतच नाही. माझ्या एका मैत्रिणीचं पुस्तक-मुखपृष्ठ केवळ त्यामुळे नापास झालं, आणि ते मला आजही चांगलं वाटतं.

पैशांचं म्हणाल तर मेंटॉर मोफत होते. सरांच्या दोन बैठकांचे मी ३,००० रुपये दिले, प्रिंटचा खर्च वेगळा. पहिल्या नोकरीआधी ही रक्कम लहान नाही, हे मान्य.

तुमचा पोर्टफोलिओ सगळा इंग्रजीत आणि पडद्यावरचा असेल तर ऑनलाइन मेंटॉर घ्या, बहुधा तेवढं पुरेल. पण त्यात मराठीचं एखादं जरी पान जीव लावून केलेलं असेल, तर मी म्हणेन थोडी वाट बघावी लागली तरी चालेल, लिपी वाचणाऱ्या माणसासमोर जाऊन बसा. ठाण्यात, डोंबिवलीत, वाशीत अशी माणसं आहेत. कॉलेजच्या जुन्या बॅचवाल्यांना आणि एखाद्या प्रिंटिंग प्रेसमध्ये विचारलं की नाव निघतं. वेळ ठरवण्याआधी एवढंच विचारून घ्या: ‘माझ्या देवनागरी पानांवर तुम्ही बोलाल का?’ आणि प्रिंट ए-थ्रीवरच काढा, लॅपटॉपच्या पडद्यावर तो रफार मला चार महिने दिसला नव्हता.