होमस्कूलिंगच्या घरात चुंबकीय फळा : जूनपासूनच्या वापरानंतरचा अनुभव

आमची दोन्ही मुले शाळेत जात नाहीत. मोठी मुलगी आता चौदाव्या वर्षात आहे आणि धाकटा नऊ वर्षांचा आहे. त्यांचा अभ्यास, माझे अर्धवेळ भाषांतराचे काम आणि सासूबाईंची औषधपाण्याची वेळ हे सारे एकाच घरात, एकाच वेळी चालते. ते मांडायला आम्ही जूनमध्ये पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून ३ × २ फुटांचा, चुंबक धरणारा पांढरा फळा आणि चुंबकी पट्ट्यांची गुंडाळी आणली. गणपती, दिवाळी आणि मुलांची आजारपणे असे सगळे त्यावर होऊन गेल्यामुळे आता त्याविषयी खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

प्रथम वस्तूविषयी थोडेसे. दुकानात चुंबक लावून पाहिल्याशिवाय फळा घेऊ नये, कारण दिसायला सारखेच असलेले पुष्कळ स्वस्त फळे चुंबक धरतच नाहीत. आमचा फळा रंगवलेल्या पत्र्याचा आहे. त्यावर एखादा मजकूर काही आठवडे तसाच राहिला, तर पुसल्यावरही त्याची फिकट छटा उरते. त्यामुळे वारांची नावे आणि रकान्यांच्या रेषा आम्ही मार्करने न काढता बारीक रंगीत चिकटपट्टीने केल्या आहेत. धाकट्याने एकदा कायमस्वरूपी शाईच्या पेनाने लिहिले होते, पण त्याच अक्षरांवरून फळ्याचा साधा मार्कर फिरवून लगेच पुसल्यावर ते बरेचसे निघून गेले.

फळ्यावर सात वार आडवे, माणसे उभी आणि प्रत्येक दिवसाचे सकाळ, जेवणानंतर व संध्याकाळ असे तीन भाग आहेत. घड्याळाची वेळ फक्त बाहेरच्या कामांना, म्हणजे तबल्याच्या आणि पोहण्याच्या वर्गाला लिहिलेली असते. अपूर्णांकांचे एखादे उदाहरण अर्ध्या तासात सुटते, तर कधी त्यातच सकाळ जाते. अशा घरात तासांचे वेळापत्रक दहा वाजेपर्यंतच कोलमडते, क्रम मात्र टिकून राहतो. अभ्यासाच्या पट्ट्या निळ्या आणि घरकामाच्या पिवळ्या आहेत. पट्टी उद्यावर सरकवायला परवानगी आहे, काढून टाकायला नाही. शुद्धलेखनाची पट्टी सोमवारपासून रोज एकेक घर पुढे जात शुक्रवारी पोहोचली की कोणी काही बोलण्याची गरज उरत नाही, कारण ती सगळ्यांना दिसतच असते.

या फळ्याचा खरा उपयोग झाला तो घरकामात. आरंभी ‘स्वयंपाकघर आवरणे’ अशी एकच पट्टी होती आणि तिचा अर्थ प्रत्येकजण आपापल्या सोयीने लावत असे. आता तिच्या जागी चार पट्ट्या आहेत : उरलेले अन्न लहान भांड्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवणे, ओटा पुसणे, घासलेली भांडी पुसून जागेवर लावणे आणि ओला कचरा बाहेरच्या बादलीत टाकणे. धाकट्याच्या ‘कपडे’ या पट्टीच्या मागे ‘दोरीवरून काढणे, घड्या घालणे, ज्याच्या त्याच्या खणात ठेवणे’ असे लिहिले आहे. त्यापूर्वी कपड्यांचा ढीग पलंगावर पडलेला असतानाही काम झाल्याचे जाहीर होत असे. पट्टी नुसती ‘झाले’च्या रकान्यात नेऊन ठेवण्याचा प्रकार अजूनही अधूनमधून घडतो, परंतु आम्ही तपासणी करत बसत नाही. भांडी लागलेली नसली की ताटे घ्यायला गेलेल्या बहिणीला ते कळते, आणि तिची तपासणी माझ्यापेक्षा कडक असते.

काही कामांचा रंग आम्हाला ठरवता आला नाही. मंडईतून ठरावीक रकमेत आठवड्याची भाजी आणून हिशेब लिहिणे हे घरकामही आहे आणि गणितही, म्हणून ‘बाजारहाट’ची पट्टी अर्धी निळी, अर्धी पिवळी कापून जोडली आहे. सासूबाईंनी मात्र ‘मला हजेरी नको’ असे सांगून स्वतःचा रकाना नाकारला. भाजी त्याच निवडतात, आणि गवार किंवा मेथी निवडताना नातवाला शेजारी बसवून त्याची पिवळी पट्टी स्वतःच्या हाताने पुढे सरकवतात.

मर्यादा मुख्यतः एकच, पण मोठी आहे : फळ्याला आठवड्यापलीकडचे दिसत नाही. मोठी मुलगी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावी करणार आहे. त्यासाठी किमान वय १४ वर्षे लागते, सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि गृहकार्याला, म्हणजे टीएमएला, २० टक्के गुण असतात. प्रवेश, परीक्षा शुल्क आणि गृहकार्य यांच्या मुदती वेगवेगळ्या असल्यामुळे त्या मोबाइलमधल्या सामायिक कॅलेंडरवरच ठेवाव्या लागतात. नोंदणी पाच वर्षे वैध असते आणि परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, त्यामुळे सगळे विषय एकदमच द्यायची घाई नाही. पण नेमक्या याच सवलतीमुळे कोणता विषय कोणत्या सत्रात, हे आधी ठरवून ठेवावे लागते. रविवारी रात्री मुलगी कॅलेंडर पाहून त्या आठवड्यापुरते काम फळ्यावर उतरवते. कॅलेंडर सगळ्यांच्या मोबाइलवर असूनही धाकट्याला त्याचा काही उपयोग नाही, कारण त्याच्याकडे मोबाइल नाही आणि इतक्यात द्यायचाही नाही.

गणपतीत निळ्या पट्ट्या आम्ही सरळ डब्यात ठेवल्या आणि फळाभर पिवळ्या लावल्या. फराळाच्या आठवड्यातही तेच केले. त्या दिवसांत अभ्यासाचा आग्रह धरून फळ्याची शिस्त राखली असती, तर मुलांनी फळ्याकडे पाहणेच सोडले असते, असे माझे मत आहे.

एकच मूल असलेल्या घरी यासाठी पैसे घालण्याची गरज नाही. तिथे वहीचे पान पुरेल. ज्यांचे शिक्षण पूर्णपणे मुलाच्या कलाने चालते, त्यांना दिवसाचे तीन भागही जाचक वाटतील. दोन किंवा अधिक मुले आणि घरून काम करणारे मोठे माणूस असेल, तर मात्र अवश्य घ्यावा, पण ४ × ३ फुटांचा. आमच्या आकारात एका दिवसाच्या घरात तीनच पट्ट्या नीट मावतात, चौथी शेजारच्या वारात जाते आणि मग ती बुधवारची की गुरुवारची यावर वाद होतो. फळा सर्वांत लहान मुलाचा हात पोहोचेल एवढ्याच उंचीवर लावावा आणि मार्कर आडवे ठेवावेत. उभे ठेवलेले लवकर फिके लिहू लागतात.